कोरी म्हणून बाजूला ठेवलेली

११ जून

ताई,

अक्षर ओळखलं असशीलच. चार वर्षांनी लिहितोय, तेही काम पडलं म्हणून, हे तू मनात म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो. फोन करून उपयोग नव्हता. त्या मशीनघराच्या आवाजाने तुझे कान कधीच गेले. मागच्या वेळी मी अर्धा तास ओरडलो आणि तू शांतपणे ‘बरं, ठेवते’ म्हणालीस.

खारूचा निकाल लागला. जनावरांच्या डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली होती तिने. निकालपत्रावर तिच्या नावापुढे गुणांच्या जागी ‘गैरहजर’ असं छापून आलंय. अगं, मी स्वतः तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. ती आत गेली ते पाहिलं. तीन तास समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यापाशी उभा राहिलो, शेवटी त्या माणसालाच माझी दया आली आणि त्याने बसायला स्टूल दिलं. पोरगी बाहेर आली तेव्हा हसत होती. ‘बरा गेला, बाबा’ म्हणाली. तिचा ‘बरा’ म्हणजे लोकांचा ‘उत्तम’ असतो, हे मला माहीत आहे.

मग हजर मुलगी गैरहजर कशी होते? कागद हरवला असणार, दुसरं काय. प्रवेशाची शेवटची यादी एकतीस जुलैला बंद होते. त्याआधी तिचे गुण आले नाहीत तर वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षी तिचं वय एका महिन्याने नियमाबाहेर जातं, म्हणजे वर्षच नव्हे, सगळंच गेलं.

तू ही परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्याच गोदामात आहेस. सगळ्या उत्तरपत्रिका तुझ्याच दारातून आत येतात. खारूची आई गेली तेव्हा तू आली नाहीस, परीक्षेचा हंगाम होता म्हणालीस. मी तेव्हा काही बोललो नाही. आता त्या हंगामातून माझ्या मुलीचा एक कागद शोधून दे. मग आपलं काही मागेपुढे राहिलं नाही असं समजेन.

तुझा
धाकटा


१९ जून

धाकट्या,

पत्र तीनदा वाचलं. शेवटची ओळ चौथ्यांदा. तिच्याबद्दल आत्ता लिहीत नाही, लिहायला बसले तर मूळ काम राहील.

आधी डोक्यातून एक गोष्ट काढ. मी तिथे कुणी मोठी बाई नाही. मला ‘गोदामवाल्या बाई’ म्हणतात. माझ्याकडे चाव्या आहेत, अधिकार नाहीत. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सीलबंद येतात, मी ते नोंदवून मशीनघरात पाठवते. मशीन एकेक कागद गिळतं, मुलांनी काळे केलेले गोळे वाचतं आणि गुण छापतं. वाचून झालेले कागद खोक्यांत भरून परत माझ्याकडे येतात. सहा महिने सांभाळायचे, मग रद्दी. एकतीस वर्षांत मी एकाही कागदाला ‘हा माझा’ म्हणून हात लावलेला नाही. शेजारणीच्या मुलाच्या वेळी ती माझ्या दारात रडत बसली होती, तेव्हाही नाही. तिने पुढे बोलणं टाकलं. चालायचंच.

म्हणून खारूचा कागद शोधायचा तर साहेबांची परवानगी घेऊन शोधीन, चोरून नाही. ‘गैरहजर’चा अर्थ एवढाच की त्या नंबरापुढे मशीनला काही मिळालं नाही. कागद इथवर आलाच नसेल, किंवा येऊन वाचला गेला नसेल. आधी तू एक कर. परीक्षा झाली त्या शाळेत जा आणि हजेरीपटावर तिची सही आहे का ते बघ. सही असेल तर साहेबांना मला नाही म्हणता येणार नाही. तिचा बैठक नंबर कळव.

आणि मंत्र्यासंत्र्याला पत्रं धाडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चौथीत एक रेघ वाकडी आली म्हणून तू अख्खी वही फाडली होतीस आणि मार मी खाल्ला होता.

खारू जेवते ना? मी पाहिली तेव्हा पेन्सिलींची मागची टोकं कुरतडायची, म्हणून मीच ते नाव ठेवलं. आता ते तिला आवडतं का, कुणास ठाऊक. मला कुणी सांगत नाही.

ताई


२६ जून

ताई,

सही आहे.

तीन खेपा घातल्या शाळेत. पहिल्या दिवशी शिपायाने दारातूनच वाटेला लावलं, दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई रजेवर, तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठाण मांडलं. शेवटी कंटाळून त्यांनी कपाट उघडलं. हजेरीपटावर आठव्या ओळीत खारूची सही, शेवटच्या अक्षराचं शेपूट तिच्या आईसारखं वर वळलेलं. मी तिथल्या तिथे ट्रेसिंग पेपर ठेवून ती उतरवून घेतली. मोठ्या बाई बघतच राहिल्या. म्हटलं, बाई, आयुष्यभर जमिनींचे नकाशे काढतोय, शेजाऱ्याची एक वीत इकडची तिकडे झालेली नाही. त्यांनी खाली शिक्का मारून दिला. सोबत पाठवतोय, नंबरही त्यावर आहे.

मंडळाला मी तुझं पत्र यायच्या आधीच चार पत्रं धाडली होती. रागावू नकोस. उत्तर आलं एका ओळीचं: ‘उमेदवार गैरहजर असल्याने गुण देता येत नाहीत.’ म्हणजे तो गैरहजर का, तर गुण नाहीत म्हणून, आणि गुण का नाहीत, तर तो गैरहजर म्हणून. अशा माणसांशी डोकं कुठे फोडायचं?

आमच्याकडून काही कमी राहिलं नव्हतं, ताई. वर्षभर तिने घोकलं. आदल्या दिवशी मी कचेरीतून लवकर आलो आणि सहा पेन्सिली ब्लेडने तासल्या, पॉलिश पेपरवर घासून टोकं केली. माझ्या बोर्डावरच्या, कडक शिशाच्या. केस ओढावा तशी रेघ येते. ते काळं मऊ शिसं मी घरात येऊ देत नाही, कागद बरबटतो आणि हातही. दोन तास बसलो होतो. खारू समोर बसून बघत होती, बरं वाटत होतं.

आता ती बोलतच नाही. जेवते, भांडी विसळते, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पायाची पट्टी बदलून येते. मी मंडळाबद्दल बोलायला लागलो की मान खाली. कचेरीतही सांगायला कुणी नाही. सगळे पडद्यांसमोर बसलेले असतात, बोर्डावर काढणारा मी एकटाच उरलोय. साहेब म्हणाले, बसव की पुढच्या वर्षी. त्यांना नियम समजावत बसण्यात अर्थ नव्हता.

तुझा
धाकटा


४ जुलै

धाकट्या,

सापडली.

बस आधी खाली, मग पुढे वाच. तू उतरवलेली सही साहेबांनी भिंग लावून पाहिली आणि म्हणाले, ‘हा माणूस आपल्याकडे हवा होता.’ परवानगी दिली. मी आधी तिच्या केंद्राचा गठ्ठा मोजला, तो पुरा होता. म्हणजे कागद आला होता. वाचलेल्यांच्या खोक्यात नव्हता. मग उरलं एकच.

काही मुलं कोरी उत्तरपत्रिका देऊन उठतात. दरवर्षी असतात अशी. मशीन ती बाजूला टाकतं आणि त्यांचं वेगळं खोकं भरतं. त्यावर ‘कोरी’ असं लेबल मीच लावते, गेली कित्येक वर्षं. पुन्हा कुणी ते उघडत नाही, कोऱ्या कागदात काय बघायचं? मी तीन दुपारी जमिनीवर बसून ते खोकं उपसलं. गुडघ्यांनी हात टेकले. तिसऱ्या दुपारी खारूचं नाव दिसलं, शाईत, ते वर वळलेलं शेपूट घेऊन. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी एक कागद छातीशी धरून बसले.

गोळे तिने भरलेत. सगळे. मशीनला वाचता आले नाहीत इतकंच. असं झालं तर तीन माणसं बसून हाताने गुण मोजतात, तसा नियम आहे. त्यासाठी एक अर्ज लागतो, तो सोबत आहे. पालकाची सही लागते आणि तो तेवीस जुलैच्या आत इथे पोचला पाहिजे. त्यानंतर आला तर मोजणी होत नाही.

अर्जात एक छापील वाक्य आहे, ते वाचून तुझा पारा चढेल, म्हणून आधीच सांगते. ‘उत्तरपत्रिका वाचता न येण्यास उमेदवाराच्या बाजूची चूक कारणीभूत आहे, हे मला मान्य आहे.’ खाली ‘चूक कोणती’ म्हणून एक ओळ आहे. ती मी इथे भरते. तू फक्त सही कर आणि उलट टपाली पाठव. कारण विचारू नकोस. मोठी बहीण म्हणून आजवर काही मागितलं नाही, हे मागते.

ताई


९ जुलै

ताई,

कागद सापडला हे वाचून मी खुर्चीतून उठलो, खारूला हाक मारली आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मी ‘कोरी’ या शब्दापाशी आलो तेव्हा ती पांढरी पडली आणि आत निघून गेली. बघ, पोरीला किती लागलंय.

सही मी करणार नाही.

कसली आमच्या बाजूची चूक? गोळे भरलेत असं तूच लिहितेस. मशीनला वाचता येत नाही, ही मशीनची चूक. आंधळ्या मशीनपुढे कागद ठेवायचा आणि कागदानेच माफी मागायची, हा कुठला न्याय? मी माझ्या मुलीच्या माथी चूक मारून तिला कॉलेजात पाठवणार नाही. उद्या वकिलाकडे जातोय. वर्तमानपत्रवाल्यालाही भेटणार आहे, त्याची बहीण आमच्या कचेरीत आहे.

आणि तुझं मला आश्चर्य वाटतं. कारण विचारू नकोस म्हणे. एकतीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंस, आता त्यांचीच झालीस. मंडळ वाचलं पाहिजे, भाची गेली खड्ड्यात. मी तुला कागद शोधायला सांगितलं होतं, मंडळाची वकिली करायला नाही.

अर्ज परत पाठवत नाही, फाडलाही नाही. टेबलावर पडलाय.

धाकटा


१० जुलै

आत्या,

हे पत्र मी लिहिलंय हे बाबांना सांगू नकोस. खालच्या आजींच्या घरी बसून लिहितेय, त्यांचा कुत्रा माझ्या पायावर झोपलाय.

मशीनला का वाचता आलं नाही ते मला माहीत आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझर बाईंनी प्रत्येक बाकावर एक काळी पेन्सिल ठेवली होती. म्हणाल्या, हीच वापरा, घरची नको. मी बाबांच्या पेन्सिली काढल्या. सहाही टोकं एकसारखी होती, आत्या, डब्यात कापूस घालून ठेवली होती त्यांनी. पहिला गोळा भरला तेव्हाच दिसलं की राखाडी येतंय, फिकट. मी जोर दिला. कागद दबला, पण काळं झालं नाही. बाकावरची पेन्सिल समोरच होती. मी ती घेतली नाही. मला वाटलं, भरलाय ना गोळा, दिसतोय ना, मग झालं. खरं सांगायचं तर ते कारण नव्हतं. आई गेल्यापासून आमच्या घरात कुणी कुणासाठी दोन तास बसलं नव्हतं. त्या पेन्सिली खाली ठेवून दुसरी उचलायची माझ्या जिवावर आलं.

निकालात ‘गैरहजर’ आलं तेव्हा मला काही कळलं नाही. तुझ्या पत्रात ‘कोरी’ ऐकलं आणि कळलं.

बाबांना हे कळता कामा नये. ते मंडळाशी भांडतात तेव्हा निदान घरात आवाज असतो. त्यांना कळलं की त्यांच्या हाताने झालं, तर ते पुन्हा तसेच बसतील, आई गेल्यावर वर्षभर बसले होते तसे, भिंतीकडे बघत. मला कॉलेज नको. मी इथेच काहीतरी करीन. तू त्यांना लिही की कागद पुन्हा हरवला.

तुझी
खारू

ता.क. नाव मला आवडतं. आता मला त्या नावाने बाबांशिवाय कुणी हाक मारत नाही.


१४ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र वाचून आधी दोन दिवस मूग गिळून बसले. तेवीस तारीख नसती तर बसलेच असते, मला ते छान जमतं.

मंडळ वाचावं म्हणून मी कारण लपवलं नाही. तुला वाचवायला लपवलं. तुझ्या हातात बळंच घातल्याशिवाय तू घेणार नाहीस, म्हणून आता सांगते. खारूचा कागद उजेडात तिरका धरला की सगळे गोळे दिसतात. फिकट राखाडी, कडा अगदी गोल, एकही रेषेबाहेर गेलेला नाही. कागद उलटा करून बोट फिरवलं की एकेक गोळा बोटाला लागतो, इतका जोर दिलाय पोरीने. पण मशीनला काळं लागतं. ते काळं तुझ्या कडक शिशातून येत नाही. तू तासून दिलेल्या पेन्सिलींनी तो कागद कोरा राहिला, धाकट्या. बाकी कुणाची चूक नाही.

आता मला शिव्या देऊन झाल्या की अर्ज घे आणि सही कर. तू सही केली नाहीस तर इथले तिघेजण कागदाकडे बघणारही नाहीत, आणि डिसेंबरात तो माझ्याच सहीने रद्दीत जाईल. वकील तुझी बाजू मांडेपर्यंत खारू म्हातारी होईल.

तुझ्या पहिल्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचं उत्तर द्यायचं राहिलंय. तेही देऊन टाकते, एवीतेवी तोंड उघडलंच आहे. खारूची आई गेली तेव्हा हंगाम होता हे खरं. पण रजा मिळाली असती. मी मागितलीच नाही. मी घाबरले होते. माझ्या घरात माणूस नाही, माणसांत कसं उभं राहायचं हे मी विसरले होते. तुझ्यासमोर येऊन काय बोलणार होते? खोक्यांच्या मध्ये मला बरं वाटतं, तिथे कुणी माझ्याकडून काही अपेक्षा करत नाही. त्या दिवशी मी दोन हजार गठ्ठे नोंदवले आणि घरी येऊन दार लावून घेतलं. तुझी चूक मोठी की माझी, ते तू ठरव.

अर्ज जलद टपालाने पाठव.

ताई


१८ जुलै

ताई,

अर्ज सोबत आहे. सही केली आहे. ‘चूक कोणती’ ही ओळ तू भरणार होतीस, ती मीच भरली. ‘वडिलांनी अयोग्य पेन्सिली दिल्या.’ मुलीचा काही दोष नाही हे समासात वेगळं लिहिलंय. समासात लिहू नये अशी सूचना आहे, तरी लिहिलं.

दोन दिवस मी कचेरीत बोर्डापुढे नुसता बसून होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला एक सांगायचंय आणि तुझ्याशिवाय सांगायला माणूस नाही.

परीक्षेच्या सूचनांचा कागद घरी आला होता. मी तो वाचला होता, ताई. त्यात चौथ्या कलमात लिहिलं होतं, गडद मऊ पेन्सिल वापरावी. मी हसलो होतो. म्हटलं, हे मला पेन्सिली शिकवणार. आणि कागद घडी करून ठेवून दिला. खारूला दाखवला नाही.

आणि निकालाच्या दिवशी ‘गैरहजर’ वाचलं तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं. राग नंतर आला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ मला फार बरं वाटलं, की पोरगी जात नाही. कॉलेज तुझ्या गावात. ती गेली की या तीन खोल्यांत मी आणि भिंती. मग माझीच मला इतकी लाज वाटली की मी शाळेत गेलो, मंडळाला पत्रं लिहिली, वकील गाठला. लोकांना वाटलं बाप मुलीसाठी जिवाचं रान करतोय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आता तूच सांग. मी हे मुद्दाम केलं का? मला खरंच माहीत नाही. रेघ सरळ की वाकडी ते मला एका नजरेत कळतं, पण हे कळत नाही.

खारूला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतंय मशीनची चूक आहे, तसंच वाटू दे. तिला कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, ते मला सोसायचं नाही.

धाकटा


१६ ऑगस्ट

धाकट्या,

खारू पोचल्याची तार तुला मिळाली असेलच, तरी सविस्तर लिहिते. मोजणी एकोणतीसला झाली. तिघेजण खिडकीपाशी बसले, एक कागद तिरका धरायचा, दुसरा वाचायचा, तिसरा मांडायचा. मला आत यायला परवानगी नव्हती, मी बाहेर दाराला टेकून उभी होते. ऐकू तर येत नाही, नुसते त्यांचे ओठ बघत होते. शेवटच्या यादीत शेवटून चौथी आली पोरगी. शेवटून चौथी असो नाहीतर पहिली, जनावरांना काय फरक पडतो.

आता माझी चूक ऐक, कारण मी एक केलीय आणि मला तिचा पस्तावा नाही.

तुम्ही दोघं एका घरात राहून मला वेगवेगळी पत्रं लिहीत होतात. ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस. तू म्हणालास, खारूला सांगू नकोस. गोष्ट एकच. मी ती दोन्ही बाजूंनी सांभाळत बसले. एकतीस वर्षं सीलबंद कागद सांभाळले, एकाचा दुसऱ्याला दाखवला नाही, म्हणून मला वाटलं हेही जमेल. जमलं नाही. रविवारी ती हॉस्टेलवरून माझ्याकडे आली. मी तुझं अठरा जुलैचं पत्र तिच्या हातात दिलं. तिचं दहा जुलैचं पत्र या पाकिटात आहे, तुझ्यासाठी. आधी ते वाच, मग माझं पुढचं.

वाचलंस?

गोळे फिकट येतायत हे तिला हॉलमध्येच दिसलं होतं, धाकट्या. काळी पेन्सिल बाकावर समोर होती. तुझ्या हाताने झालं तितकंच तिच्याही हाताने झालं, आणि का, ते तिनेच लिहिलंय. मी त्यात भर घालत नाही.

मुद्दाम केलंस का, असं विचारलं होतंस. नाही. तू घमेंडीने केलंस, ती तुझी जुनी आहे. आणि मुलगी जाऊ नये असं वाटलं, तर त्यात लाज कसली? मला तर सांगायला असं कुणी कधी नव्हतंच की ज्याच्या जाण्याची भीती वाटावी.

खारूने तुझं पत्र माझ्या पलंगाच्या कडेवर बसून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मी वाट बघत होते की रडेल, रागावेल. तिने पत्राची घडी घातली आणि विचारलं, ‘आत्या, बाबा आता एकटे जेवताना दिवा कुठल्या खोलीतला लावत असतील?’ तिला मोठ्याने विचारावं लागलं, दोनदा. मला कुठून माहीत असणार? म्हणून तुला विचारते, आणि उत्तर मला पाठवू नकोस. तिला पाठव. हॉस्टेलचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. सगळं तिला लिही, जेवलास काय, बोललास कुणाशी, भिंतीकडे बघत बसलास तर तेही. मला मध्ये घालू नका आता.

जून ते ऑगस्ट तुमची मिळून पाच पत्रं आली. गेल्या चार वर्षांत माझ्या नावाने विजेच्या बिलाशिवाय टपाल आलं नव्हतं. यापुढे मला लिहिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. लिहूनही पाहिलं. नाही चालणार. पण आधी तिला लिही, मग वेळ उरला तर मला.

ताई